सात नंबरवरचा जंपर

मी, सौ. सुलक्षणा योगेंद्र साळुंके, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी कॉम्प्युटर क्लास आणि आता नुसते खेळ, राहणार जळगाव, आज गुरुवार दिनांक १६ एप्रिल २०२६ रोजी हा कागद स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री हवी असेल तर काल दुपारी मी भुयाराच्या खेळातला सातवा मजला एकही जीव न गमावता पार केला, तो निकाल मशिनीत जपून ठेवला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मी कसल्या अमलाखाली नाही, फक्त दोन दिवस झाले हसू आवरत नाही. त्याचं कारण कलम आठमध्ये येईल, तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच, तर त्याच्याकडून चहा वसूल करून कागद फाडावा.

१. हे आत्ताच का, तर माझ्या पित्ताशयात खडे निघाले आहेत आणि येत्या गुरुवारी ते काढायचे आहेत. डॉक्टर म्हणाले, "काकू, तीन बारीक भोकं पाडतो, तिसऱ्या दिवशी घरी." माझी मुलगी पुनम नाशिकहून फोनवर म्हणाली, "आई, खड्यांसाठी कोणी मृत्युपत्र करतं का?" करतं. जी बाई वीस वर्षं विद्यार्थ्यांवर ओरडत आली, की मशीन उघडण्याआधी बॅकअप घ्या, तिने स्वतःला उघडू देण्याआधी बॅकअप घेऊ नये?

२. जळगावातलं राहतं घर, म्हणजे तीन खोल्या, गच्ची आणि गच्चीवरची गळणारी टाकी, हे माझ्यामागे माझे यजमान योगेंद्र साळुंके यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील, नंतर पुनमकडे जाईल. यजमान पोस्टातून निवृत्त झाले आहेत. माणूस सोन्यासारखा, पण डावा कान लग्नाआधीपासून बंद. त्यामुळे साउंड कार्डाच्या, म्हणजे कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या पट्टीच्या, बाबतीत त्यांचं मत कधीही, कोणीही विचारात घेऊ नये. त्यांना माझी तिन्ही कार्डं सारखीच वाजतात असं ते आजही सांगतात. मधल्या खोलीत माझी मशीन असते. तिथे त्यांनी कांदे वाळत घालू नयेत, ही अट मी गेल्यावरही लागू राहील.

३. बँकेत जे काही असेल ते आणि माझे दागिने पुनमला. मोहनमाळ तिला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तरी घालावी, निदान एकदा, आणि फोटो काढून भिंतीवर लावावा.

४. माझी हत्यारं, म्हणजे सोल्डरिंगची दांडी, बारीक चिमटे, स्क्रू ड्रायव्हरांची पेटी आणि भिंग, हे सगळं नशिराबादच्या किरणला. किरण माझ्या क्लासच्या पहिल्या तुकडीचा विद्यार्थी. आज त्याचं जुन्या मशिनी दुरुस्त करण्याचं दुकान आहे आणि माझं अर्धं आयुष्य त्याच्या दुकानातल्या भंगाराच्या ढिगात गेलं आहे. हत्यारांबरोबर नखांना लावायच्या लाल रंगाची बाटलीही त्यालाच द्यावी. ही बाटली सौंदर्यासाठी नाही. जंपर नावाची तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी असते, कार्डावरच्या दोन काट्यांवर ती बसवली की कार्डाचा नंबर ठरतो. ती टोपी आपण मूळ जागेवरून हलवली, तर तिच्यावर लाल ठिपका द्यायचा. म्हणजे कित्येक वर्षांनी उघडलं तरी कळतं, की हा उपद्व्याप आपला आहे, कारखान्याचा नाही. हा नियम माझा. मी तो शेकड्याने पोरापोरींना शिकवला. लाल ठिपका लक्षात ठेवावा, पुढे तो माझ्यावरच उलटणार आहे.

५. आता मुख्य मालमत्ता. मधल्या खोलीतली मशीन १९९५ साली जुळवलेली, चारशे शहाऐंशी (४८६) जातीची आहे. हिच्यावर मी क्लास चालवला, लग्नपत्रिका छापल्या आणि सगळं आवरल्यावर खेळ खेळले. खेळ हा शब्द मी चोरून लिहिणार नाही. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "साळुंकेबाई, या वयात विमानं कसली पाडता?" या वयात म्हणजे तेहतीस! त्यांच्यापैकी दोघींची नातवंडं आता माझ्याकडे त्याच विमानांसाठी येतात. त्या दोघींना मी माफ केलं आहे, पण पूर्ण नाही.

मशिनीच्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक बॅटरी होती. ती फुटून तिच्या पाण्याने पाटी कुरतडली आणि साउंड कार्ड बसवायला आता एकच स्लॉट, म्हणजे खाच, धड उरला आहे. कार्डं माझ्याकडे तीन. म्हणून मी गेल्यावर मशीन ज्याच्याकडे जाईल त्याला कोणतं कार्ड लावून द्यायचं, हे मलाच ठरवून जाणं भाग होतं. एरवी घरचे किरणला फोन करतील आणि किरण त्याने दिलेलं कार्डच पुढे रेटेल.

६. कार्ड क्रमांक एक. याची कहाणी लांब आहे, पण मृत्युपत्र माझं आहे.

माझा धाकटा भाऊ प्रेमराज कौतिक बेडसे साक्रीला शेती करतो. मका, बाजरी, कांदा, सगळं पावसाच्या भरवशावर. १९९५ च्या भाऊबीजेआधी त्याने विचारलं, अक्का, यंदा लुगडं कोणत्या रंगाचं? मी म्हटलं, लुगडं नको, साउंड कार्ड आण. मशीन नवी होती आणि तिच्यातून नुसतं टूं टूं यायचं. प्रेमराजला एका कामासाठी मुंबईला जायचंच होतं. मी चिठ्ठी लिहून दिली आणि तिच्यात खाली दोन रेघा मारल्या: सोळा बिटचं आण, आठचं नको.

त्याने आठचं आणलं.

मी भडकले. तो ओवाळून घ्यायला पाटावर बसलेला आणि माझ्या हातात एकीकडे निरांजन, दुसरीकडे चुकीचं कार्ड. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, दुकानमा मी दोन्ही आयकी उनू. हाई गोड वाजस."

दोन्ही ऐकून आला होता! दुकानदाराला एकच खेळ दोन्ही कार्डांवर लावायला लावला, डोळे मिटून ऐकलं, आणि जे आवडलं ते आणलं. मी आकडे वाचून निवडत होते, त्याने कानाने निवडलं. त्या दिवशी कार्ड लावलं आणि विमान डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत गेलं. खोली केवढीशी, पण आकाश झालं. मी चिठ्ठीचा विषय पुन्हा काढला नाही. चूक कबूलही केली नाही. तो माझा स्वभाव नव्हता.

७. आखाजी. खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासरी गेलेल्या मुली या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि पुरुष दिवसभर पत्ते कुटतात, त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. बहिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझा मुराळी प्रेमराज. फक्त तो जळगावला यायचा तो मला आणि मशिनीला असं दोघींना न्यायला. कारण पत्त्यांच्या डावात मला कोणी बसू देत नसे आणि झोक्यावर मला चक्कर येते. मग भाऊ म्हणाला, आपण आपला खेळ खेळू. मॉनिटर गोधडीत गुंडाळून त्याच्या मांडीवर, मशिनीचा डबा माझ्या मांडीवर, धुळ्याला एसटी बदलायची, साक्रीत उतरायचं, आणि ओट्यावर विमानं सुरू. शहाण्णव आणि सत्त्याण्णव या दोन्ही आखाज्यांना अख्खी गल्ली जमली. कडुलिंबाखालच्या डावातून उखर्डू पवार हातातले पत्ते टाकून आला होता, आणि उखर्डू जिंकता डाव सोडेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवला ओट्यावर मशीन लावली. गल्ली जमली. विमान उडालं, संगीत सुरू झालं. गोळी मारली, आवाज नाही. बॉम्ब टाकला, आवाज नाही. मागे सनई-चौघडा जोरात आणि पडद्यावर मुकं युद्ध. उखर्डू हसला, त्याच्यामागे सगळे हसले.

मी क्लासवाली बाई, धुळ्यापासून जळगावपर्यंत जिचं नाव, ती हसण्याचा विषय झाले आणि माझं डोकं फिरलं. मी प्रेमराजला सगळ्यांसमोर म्हटलं, "सोळाचं सांगितलं तर आठचं आणलंस, आणि तेही डबडं. वांग्या-कांद्यातल्या माणसाला यंत्रातलं काय कळतं? उगाच तुझ्या कानावर विश्वास ठेवला."

तो म्हणाला, "अक्का, कार्ड चांगलं शे. काहीतरी दुसरं व्हई."

मी म्हटलं, "तू मला शिकवू नकोस."

त्याने मॉनिटर गोधडीत गुंडाळला, मला एसटीत बसवून दिलं, आणि पुढच्या आखाजीला मुराळी आला नाही. तेव्हापासून सत्तावीस आखाज्या गेल्या. भांडण म्हणावं असं काही नाही. लग्नाकार्यात भेटतो, बाजरीचं पोतं पाठवतो, मार्केटला आला की घरी येतो. पण पायरीवर बसूनच चहा घेतो. "घाई शे, अक्का." मधल्या खोलीपर्यंत तो कधी आला नाही. मी बोलावलंही नाही.

मी मात्र त्वेषाने सोळा बिटचं विकत घेतलं, ते कार्ड क्रमांक दोन. ते लावताच खणखणीत वाजलं आणि मी मनातल्या मनात खटल्याचा निकाल लावून टाकला: आरोपी प्रेमराज, दोषी. पुढे किरणने भंगारातून एक बिननावाचं तैवानी कार्ड दिलं, ते क्रमांक तीन. एकचं कार्ड मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

८. आता कलम आठ, म्हणजे हसण्याचं.

परवा मंगळवारी, या मृत्युपत्रासाठीच, मी तिन्ही कार्डांची परीक्षा घेतली. जुन्या खेळांसाठी कार्ड निवडताना आधी खेळ ठरवावेत, मग कार्ड. लोक उलटं करतात, मोठा आकडा पाहून कार्ड घेतात आणि मग खेळ का वाजत नाही म्हणून रडतात. मी तीन खेळ काढले: विमानांचा, भुयाराचा आणि गाड्यांच्या शर्यतीचा.

कार्ड दोन, म्हणजे माझं सोळा बिटचं. शर्यतीत उत्तम, भुयारात उत्तम. पण विमानांचा खेळ आठ बिटच्या जमान्यातला. त्याचं डावं-उजवं या कार्डाला कळत नाही, दोन्हीकडचं कालवून एकत्र वाढतं. हे मला अठ्ठ्याण्णवपासून ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही आणि स्वतःशीही "मस्त वाजतंय" म्हणत राहिले. आज लिहून टाकते: मस्त वाजत नव्हतं.

कार्ड तीन, किरणचं. शांत, स्वच्छ, खरखर अजिबात नाही, कोणाशीही जुळवून घेतं. मोठ्या कुटुंबातली मधली सून असावी तसं. नवख्या माणसाने डोळे मिटून हेच घ्यावं, हा माझा प्रामाणिक सल्ला, आणि किरणने तो दुकानात लावायला हरकत नाही.

मग माळ्यावरून एक नंबर काढलं. नुसतं तुलनेसाठी, किंवा प्रेमराजची चूक कायद्याच्या कागदावर कायमची नोंदवण्यासाठी म्हणा. वर्तमानपत्र सोडलं, भिंग लावलं, आणि कार्डावरच्या जंपरवर लाल ठिपका दिसला.

माझा लाल ठिपका. सात नंबरवर.

आता सोपं करून सांगते. प्रत्येक यंत्राला प्रोसेसरला हाक मारायला एक नंबर लागतो. साउंड कार्ड पाच नंबरवरून हाक मारायचं. सात नंबर प्रिंटरचा. अठ्ठ्याण्णवच्या मार्चात मला क्लासच्या मशिनी वायरींनी एकमेकींना जोडायचं खूळ लागलं होतं. त्या जोडणीच्या कार्डाला पाच नंबर हवा होता, म्हणून मी साउंड कार्ड सातवर सरकवलं, नियमाप्रमाणे ठिपका दिला, आणि पत्रिकांच्या सीझनच्या गडबडीत साफ विसरले. सातवर छपाईचा प्रोग्रॅम मशीन सुरू होताच ठाण मांडून बसायचा. प्रिंटर जळगावला राहिला, पण तो प्रोग्रॅम आमच्याबरोबर एसटीने साक्रीला आला. संगीताला हाक मारायचा नंबर लागत नाही, म्हणून संगीत वाजलं. गोळ्यांना लागतो, म्हणून गोळ्या मुक्या.

गंमत अशी, की संगीत वाजतं आणि गोळी वाजत नाही, तर कार्ड चांगलं आहे, नंबर तपासा, हे माझ्या क्लासच्या वहीतलं वाक्य आहे. मी ते परीक्षेत विचारायची, दोन गुणांना. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण कोणाचं, तर भावाचं!

उंदरांनी त्या वायरी त्याच पावसाळ्यात खाल्ल्या, जोडणीचं कार्ड मी काढून टाकलं आणि पाच नंबर मोकळा झाला, म्हणून तर कार्ड दोन लावताच वाजलं होतं. मी टोपी पाचवर बसवली, कार्ड लावलं, विमान उडवलं, गोळी मारली.

दोन्ही कानांत आली! डावीकडून सुटली आणि उजवीकडे फुटली. मी खुर्चीत उडाले, हसायला लागले, मग रडायला लागले, मग परत हसायला. यजमान धावत आले. "खडा दुखतोय का?" मी म्हटलं, "कार्ड चांगलं शे हो, कार्ड चांगलं शे!" ते म्हणाले, "तिन्ही सारखीच वाजतात," आणि कांदे पाहायला गेले.

९. तरी मी असं लिहून देते, की कार्ड क्रमांक एक, पाच नंबरवर बसवून, मशिनीसह, मॉनिटर, जॉयस्टिक आणि गोधडीसह, माझ्या मृत्यूनंतर माझा भाऊ प्रेमराज कौतिक बेडसे याच्या मालकीचं होईल. त्याने १९९५ साली योग्य निवड केली होती. १९९८ साली चूक माझी होती. त्याचा कान खरा होता, माझी अक्कल वाकडी होती.

[हे कलम रद्द. पुढे पाहावे. सु. सा.]

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. ज्योती यांनी करावी. त्या माझ्या विद्यार्थिनी, आणि जंपरच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील. ज्योतीने बजावलं आहे, की ज्याला या कागदातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नका, उद्या कोणी शंका काढतं. म्हणजे किरण बाद, प्रेमराज बाद.

ज्योतीने मसुदा वाचला. कलम नऊवर थांबली. म्हणाली, "मॅडम, मृत्युपत्र बरोबर आहे. पण हे कलम ते वाचतील तेव्हा तुम्ही नसणार. मग त्यांनी उत्तर द्यायचं ते कोणाला?"

मी म्हटलं, "तू फी घे आणि गप्प बस."

तिने फी घेतली नाही आणि गप्पही बसली नाही. तोच प्रश्न तिने पुन्हा विचारला. म्हणून सही आज केली नाही.

(यापुढचा मजकूर हाताने लिहिला आहे. अक्षर वाकडं आहे, कारण ओट्यावर बसून लिहीत आहे आणि शेजारी विमानं पडत आहेत.)

११. आज रविवार, १९ एप्रिल, आखाजी. सकाळी सहाला मी यजमानांना उठवलं. म्हटलं, गोधडी काढा. त्यांनी एक शब्द न विचारता मॉनिटर गुंडाळला, म्हणून कलम दोनमध्ये त्यांच्या कानाबद्दल लिहिलेलं थोडं सौम्य समजावं. मॉनिटर त्यांच्या मांडीवर, डबा माझ्या मांडीवर, धुळ्याला एसटी बदलली. कंडक्टर म्हणाला, "आजी, हा टीव्ही भंगारात घालायला चाललात का?" मी म्हटलं, "नाही, माहेरी."

कडुलिंबाखाली डाव बसला होता. प्रेमराज पत्ते वाटत होता. मला पाहून हात थांबला. "अक्का? मुराळी कोन शे संगे?"

"यंदा मीच मुराळी," मी म्हटलं.

बोलायचं घरात जाऊन, गुपचूप, असं माझी भावजय कमलबाई डोळ्यांनी सुचवत होती. पण ज्या गल्लीसमोर बोलले होते तिच्यासमोरच बोलायचं मी ठरवून आले होते. उखर्डू पवार तिथेच होता, केस पांढरे, पत्ते तेच. मी उभी राहिले आणि सांगितलं: कार्ड खराब नव्हतं. टोपी मी हलवली होती. वांग्या-कांद्यातल्या माणसाला कळत होतं, क्लासवाल्या बाईला कळत नव्हतं. मी चुकले, आणि सगळ्यांसमोर चुकले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते.

कोणी हसलं नाही. प्रेमराजने स्क्रू ड्रायव्हर मागितला. झाकण उघडलं, कार्ड पाहिलं, ठिपक्यावर नख फिरवलं.

"हाऊ ठिपका तुना शे."

"माझाच."

त्याने कार्ड बोटाने नीट दाबून बसवलं. मग म्हणाला, "अठ्ठावीस वरीस माले वाटे, दुकानदारनी माले फसाडं. मी खरंच याडा शे, दोन कार्डमातलं एक समजनं नही."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तो माझ्यावर रागावला आहे. तो स्वतःवरच रागावला होता, इतकी वर्षं, माझ्या एका लाल ठिपक्यापायी. मी ओट्यावर बसून रडले, आणि हे मृत्युपत्रात लिहायला मला लाज वाटत नाही.

मग मी तिन्ही कार्डं त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, स्लॉट एकच, निवड तू. त्याने आळीपाळीने तिन्ही लावायला लावली आणि डोळे मिटून ऐकली, दुकानात ऐकली असतील तशी. तिसरं संपल्यावर पहिल्याकडे बोट केलं. "हाई. खरखर शे थोडी. पन विमान या कानथीन त्या कानमा जास."

तेव्हा असं ठरलं, की मशीन आणि कार्ड क्रमांक एक मी प्रेमराजला आजच, हयातीत, देऊन टाकलं. म्हणून कलम नऊ खोडलं आहे. कार्ड दोन पुनमला, मोहनमाळेबरोबर. कार्ड तीन किरणला परत. कलम नऊ खोडल्यामुळे प्रेमराजला आता या कागदातून काहीही मिळत नाही, आणि त्यामुळे तो साक्षीदार व्हायला मोकळा आहे. ज्योतीबाई, याला म्हणतात कायदा.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, आणि गोळ्यांच्या आवाजात पूर्ण शुद्धीवर राहून मी इथे सही करते.

ठिकाण: साक्री, प्रेमराजचा ओटा
दिनांक: आखाजी, १९ एप्रिल २०२६

सौ. सुलक्षणा योगेंद्र साळुंके (सही)

साक्षीदार क्रमांक एक: उखर्डू वना पवार, साक्री. बाईंनी माझ्यासमोर सही केली. १९९८ सालीही मी हजर होतो. तेव्हा हसलो, ते चुकलं. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन: प्रेमराज कौतिक बेडसे, साक्री. अक्कानी मना समोर सही करी. सही कराना आगोदर मशीन उघाडीसन दखी. जंपर पाचवर शे. पुढला आखाजीले अक्काले लेवाले मी मुराळी व्हईसन येसू. तवलोंग हाऊ कागद कोनी उघाडाना नही. (सही)